साक्षीदार क्रमांक दोन

गोराई-२, बोरिवली (पश्चिम)
८ जानेवारी २०२४

विमलवहिनी,

मी प्रेमा. दत्तादादाची धाकटी बहीण. एकेचाळीस वर्षांनी लिहितेय, तेव्हा आधी मी कोण ते सांगायलाच हवं.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण मला ऐकू येत नाही गो. डावा कान पूर्ण गेला, उजव्यात आवाज येतो पण शब्द येत नाहीत. हल्ली माणसं माझ्याशी कागदावरच बोलतात.

आई-बाबा कधीच गेले. धाकूदादा करोनात गेला. मी त्याच्या मुलाकडे, नितेशकडे राहते. माझं लग्न तीन वर्षं टिकलं, तेव्हापासून मी भावाच्याच घरी. नितेश जागांची एजंटगिरी करतो. तुझी मुलुंडची सोसायटी पाडून नवीन बांधणार आहेत ना, त्या बिल्डरचं थोडं काम त्याच्याकडे आहे. तिथल्या सभासदांच्या यादीत त्याला ‘विमला दत्ताराम साटम’ हे नाव दिसलं. मला येऊन विचारलं, ही आपलीच का. मी हो म्हटलं. तुला मूलबाळ कोण, असंही त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. मला तरी काय माहीत तो कशासाठी विचारतोय.

पुढच्या आठवड्यात तो एक वकील घरी घेऊन आला. माझ्या ताटात सुरमई आली, नवीन साडी आली, कानाच्या मशीनची गोष्ट निघाली. मला काहीच ऐकू येईना म्हणून त्या वकिलाने बिचाऱ्याने सगळं वहीच्या पानांवर लिहून समजावलं. ते असं, की विमलाबाईंना नवरा नाही, मूल नाही. त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांचं घर कायद्याने नवऱ्याच्या वारसांकडे जातं. नवऱ्याच्या भावंडांपैकी जिवंत फक्त प्रेमाबाई. बहीण जिवंत असेपर्यंत पुतण्याचा नंबर लागत नाही. म्हणून प्रेमाबाईंनी आपलं मृत्युपत्र आत्ताच नितेशच्या नावे करून ठेवावं.

म्हणजे तू गेलीस की घर माझं, मी गेले की नितेशचं. वहिनी, तू मृत्युपत्र केलं आहेस का? नसेल तर कर. एवढंच सांगायचं होतं.

उत्तर घरी पाठवू नकोस. आमच्या इथे ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र आहे, मी रोज दुपारी तिथे असते. पत्ता मागे लिहिला आहे.

प्रेमा

*

मुलुंड (पूर्व)
१७ जानेवारी २०२४

श्रीमती प्रेमा यांस,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही कोण हे मला सांगायची गरज नव्हती. तुमच्या दत्तादादांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझी पेटी जिन्यात आणून ठेवली, तेव्हा तुम्ही दाराला टेकून उभ्या होतात. मी ‘पांढऱ्या पायाची’ आहे असं त्या चाळीला ऐकवत होत्या. तुमचे कान तेव्हा चांगले होते.

त्यानंतर मी पस्तीस वर्षं पालिकेच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून नोकरी केली. हे दीड खोल्यांचं घर माझ्या पगारातून घेतलं आहे, साटमांचा त्यात एक खिळासुद्धा नाही. आडनाव लावते ते नर्सिंगच्या नोंदणीत तेच होतं म्हणून.

मूलबाळ नाही असं तुम्ही पुतण्याला सांगितलंत, तेही चूक. माझ्या वॉर्डात चेतना नावाची आया होती, माहुलची. आम्ही दोघी अकरा वर्षं एका डब्यातून जेवलो. ती गेली तेव्हा तिची मीरा अकरा वर्षांची होती, आणि मीराचे वडील अंबादास त्याच्या दोन वर्षं आधी गेलेले. मीरा तेव्हापासून माझ्याकडे आहे. आता तेहेतीस वर्षांची आहे, घाटकोपरच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मला मावशी म्हणते.

सोसायटीत, बँकेत, सगळीकडे नॉमिनी म्हणून मीराचं नाव मी दहा वर्षांपूर्वीच लावलं आहे. त्यामुळे तुम्ही किंवा तुमच्या पुतण्याने काळजी करू नये. हे पत्र त्यानेच लिहायला लावलं असेल, तर त्यालाही हे दाखवा.

पुन्हा लिहू नका.

विमला साटम

*

गोराई-२, बोरिवली (पश्चिम)
२४ जानेवारी २०२४

वहिनी,

पुन्हा लिहितेय. रागाव, पण वाच.

वकिलाच्या हस्ताक्षरातली पानं सोबत पाठवतेय. दुसऱ्या पानावर नितेशने त्याला विचारलेलं आहे, बाईंनी कुणाला नॉमिनी केलं असेल तर? त्याखाली वकिलाने लिहिलंय ते बघ. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी घराच्या चाव्या नॉमिनीकडे देईल, पण ते घर तिने खऱ्या वारसासाठी सांभाळायचं. वारस दावा घेऊन आला की सोडायचं. खाली त्याने रेघ मारून ‘चिंता नको’ असं लिहिलंय. ते नितेशसाठी आहे.

आमच्या केंद्रात एक विधुर गृहस्थ येतात. त्यांच्या भावाने त्यांना नॉमिनी केलं होतं. हे सहा वर्षं त्या घरात राहिले, रंग काढला, फरशी बदलली. मग भावाच्या दुरावलेल्या मुली आल्या आणि कोर्टाने घर मुलींना दिलं. त्यांचं निदान रक्ताचं नातं होतं. तुझ्या मीराकडे काय आहे?

आता दाराचं. तू लिहिलंस ते खरं आहे, मी उभी होते. त्याहून वाईट ते तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. पोटमाळ्यावरची तुमची जागा मला मिळाली. बावीस वर्षांची होते, पहिल्यांदा पाय लांब करून झोपले. पाच वर्षांनी नवऱ्याने मला अशीच पेटी देऊन परत पाठवलं, तेव्हा पोटमाळ्यावर धाकूदादाचा संसार होता. मग स्वयंपाकघरात ओट्याखाली. तेव्हापासून प्रत्येक घरात कोणी दिली ती जागा. नितेश वाईट वागवत नाही. पण ज्या घराच्या कुठल्याच कागदावर आपलं नाव नाही, तिथे भाजीत मीठ जास्त पडलं तरी छातीत धडधडतं. ते तुझ्या मुलीला कशाला?

मी नितेशसाठी अजून सही केलेली नाही. हात थरथरतो सांगते.

प्रेमा

*

मुलुंड (पूर्व)
१२ फेब्रुवारी २०२४

प्रेमा,

पानं घेऊन मी एका वकीलबाईंकडे गेले. अनुपमा नाव, स्टेशनजवळ एका गाळ्यात बसतात. त्यांनी दोन्ही पानं वाचली आणि म्हणाल्या, लिहिणाऱ्याला कायदा चांगला येतो. मी विचारलं, माझ्या कमाईचं घर, मग माझ्या सख्ख्या भावाला तरी? तर त्या म्हणाल्या, नाही. मूल आणि नवरा नसलेल्या बाईचं स्वतःच्या कमाईचं घरही आधी सासरच्या माणसांकडे जातं, माहेरचा नंबर त्यानंतर. आणि मीरा तर कायद्याच्या दृष्टीने कुणीच नाही, कारण मी तिला रीतसर दत्तक घेतलंच नाही. कधी सुचलंच नाही. घरातल्या माणसाला कशाला दत्तक घ्यायचं?

बाहेर येऊन रसवंतीच्या बाकावर अर्धा तास बसून राहिले. वॉर्डात मी शेकडो माणसं जाताना पाहिली आहेत. खाटेजवळ नातेवाईक भांडतानाही पाहिलेत. आणि माझा स्वतःचा कागद मी एवढा कच्चा ठेवला.

तुझ्यावर नितेशने लिहायला लावल्याचा आरोप केला, तो मागे घेते. पोटमाळ्याबद्दल वाचलं. ते पान मी वेगळं काढून ठेवलं आहे.

वकीलबाईंकडे पुन्हा जायचा कंटाळा आला. घरीच पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, घर मीराला. शेजारच्या मिहिरची साक्षीदार म्हणून सही घेतली. झालं काम. मीराला यातलं काही सांगितलं नाही. आपल्या डोक्यावरचं छप्पर इतकी वर्षं हवेवर होतं, हे तिने कशाला ऐकायचं?

विमला

*

गोराई-२, बोरिवली (पश्चिम)
१९ फेब्रुवारी २०२४

वहिनी,

काम झालेलं नाही. तू मागच्या पत्रात मला पहिल्यांदा ‘तू’ म्हटलंस, त्याच्या आनंदात मी ते दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या वेळी ध्यानात आलं की तू एकच साक्षीदार घेतला आहेस. एका सहीच्या मृत्युपत्राला कोर्टात किंमत नाही. दोन लागतात, आणि दोघांनीही तुला सही करताना डोळ्यांनी बघायला हवं. स्टॅम्प पेपरचा खर्च मात्र फुकट गेला, साध्या कागदावरही चालतं.

मला हे कुठून कळलं? नितेशचा वकील परवा पुन्हा आला होता. माझं मृत्युपत्र कसं पक्कं करायचं ते त्याने मला चार पानांवर लिहून दिलं. मी मुद्दाम मठ्ठ झाले, प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा विचारली. ज्याला घर द्यायचं त्याचीच साक्षीदार म्हणून सही घेऊ नये, लोक शंका घेतात. त्याच दिवशी डॉक्टरकडून लिहून घ्यावं की बाई शुद्धीत आहेत, डोकं ठिकाणावर आहे. घर, बँक, दागिने सगळं लिहावं, आणि शेवटी ‘याशिवाय माझं जे काही असेल ते’ असंही लिहावं, म्हणजे काही सुटत नाही. आपल्या मागे कारभार कोणी बघायचा त्याचं नाव घालावं. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण केलेलं बरं, मग कुणी खोटं म्हणू शकत नाही. आणि कागद कुठे ठेवला ते निदान एका माणसाला ठाऊक असावं.

चारही पानांची झेरॉक्स सोबत आहे. फी नितेशने भरली आहे. वापर तू.

आणखी एक. तो तुझ्याकडे येणार आहे. मानसीला, त्याच्या बायकोला, पेढे आणायला सांगितलेत.

प्रेमा

*

मुलुंड (पूर्व)
६ मार्च २०२४

प्रेमा,

आले होते दोघं. नितेश दिसायला अगदी धाकूभावोजींसारखा, दार उघडल्याबरोबर ओळखलं. वाकून नमस्कार केला. काकू म्हणाला. आमच्या घराण्याकडून तुमच्यावर अन्याय झाला म्हणाला. खरं सांगते, एवढी वर्षं हे वाक्य साटमांच्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं मला. डोळे भरून आले.

मग त्याने पिशवीतून कागद काढला. कुलमुखत्यारपत्र. म्हणजे माझ्या वतीने सह्या करायचा अधिकार त्याला. पुनर्विकासाच्या मिटिंगा, भाड्याचे करार, दोन वर्षं दुसरीकडे राहणं, या वयात काकूंनी कशाला धावायचं, सगळं मी बघतो. पेनही त्यानेच उघडून दिलं. आणि प्रेमा, मी पेन हातात घेतलं होतं.

तेवढ्यात मानसीने पाणी मागितलं. मी आत गेले तशी ती मागोमाग आली आणि मोरीपाशी हळूच म्हणाली, “काकू, वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका.” एवढंच. बाहेर येऊन मी सांगितलं, चष्मा बदलायला दिलाय, नंतर बघू. चष्मा माझ्या डोक्यावरच होता.

कागद वकीलबाईंना दाखवला. त्यात घर विकायचाही अधिकार होता.

मृत्युपत्र नव्याने करते. पण आधी १७ तारखेची सोसायटीची सभा होऊ दे, सध्या रोज दोन पार्ट्यांची भांडणं चालू आहेत. सभा झाली की निवांत बसून करू.

विमला

*

गोराई-२, बोरिवली (पश्चिम)
२८ मार्च २०२४

वहिनी,

सभा होऊन अकरा दिवस झाले. पत्र नाही. तू रागावली नसशील तर आजारी असशील. मी रोज केंद्रात टपाल विचारते, तिथली माणसं आता मला बघूनच मान हलवतात. निवांत वेळ येत नसतो गो. दोन ओळी लिही.

प्रेमा

*

मुलुंड (पूर्व)
९ एप्रिल २०२४

प्रेमामावशी,

मी मीरा. मावशीला १९ मार्चला सकाळी झटका आला. आठ दिवस आयसीयूत होती. आता घरी आहे. उजवा हात आणि पाय चालत नाही, बोलणं अडखळतं, पण डोकं एकदम शाबूत आहे. कालच नर्सने बीपी चुकीचं घेतलं म्हणून तिला झापलं.

मेडिक्लेमची फाइल शोधताना तुमची पत्रं सापडली. सगळी वाचली, सॉरी. घर माझं नाही हे मला असं कळलं, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून. खरं सांगू, घराचं मला तेवढं वाटलं नाही. तिने एकटीने हे सगळं डोक्यात घेऊन झोपायचं आणि मला सकाळी डब्यात काय हवं विचारायचं, याचा राग आला. तिला तसं बोलले पण. ती रडली, मी रडले, मग कामाला लागलो.

अनुपमामॅडम घरी येऊन गेल्या. त्या म्हणाल्या घाबरू नका, सही जमत नसेल तर अंगठा चालतो. आजारी माणसासाठी अर्ज केला तर रजिस्ट्रेशनचा अधिकारी घरी येतो. मावशीवर उपचार करणारे डॉ. सुयोग सर्टिफिकेट देतील आणि एक साक्षीदारही होतील. अडलंय दुसऱ्या साक्षीदारावर. मिहिर आधी हो म्हणाला, मग नाही. पुनर्विकासाच्या भांडणात बिल्डिंगमधल्या कुणालाच कुठल्या कागदावर नाव नकोय, आणि नितेशदादा सगळ्यांना ओळखतात.

मॅडमनी तुमचं नाव सुचवलं. मृत्युपत्र नसण्यात ज्यांचा फायदा आहे त्या तुम्ही एकट्याच, तेव्हा तुम्हीच साक्षीदार असाल तर उद्या कुणीही कोर्टात गेलं तरी टिकणार नाही, असं त्या म्हणतात.

पण मावशीने हट्ट धरलाय. तिला मृत्युपत्रात लिहायचंय की प्रेमाने हयातभर या घरात राहावं, तिला कुणी काढू नये. माझी अजिबात ना नाही. फक्त मॅडम म्हणतात, तुम्हाला त्यात काही मिळणार असेल तर तुम्ही साक्षीदार नको, नितेशदादांना तेवढं बोट शिरकवायला पुरेल. म्हणजे एक तर तुमचं नाव आत, नाहीतर सही खाली.

मावशी म्हणते आत. तुम्ही सांगा.

मीरा

*

गोराई-२, बोरिवली (पश्चिम)
१३ एप्रिल २०२४

बाळ मीरा,

मावशीला हे पत्र मोठ्याने वाचून दाखव.

वहिनी, माझं नाव आत घालू नकोस. तू हयातभराची जागा देत होतीस, ते वाचून मी केंद्राच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. अशी जागा मला आजवर कुणी देऊ केली नव्हती. पण त्या दिवशी मी दारात उभी राहून बघत होते आणि काही केलं नाही. या वेळी मला बघायचंय आणि सही करायचीय. हे तू मला नाही म्हणू नकोस.

तारीख कळव. बोरिवलीहून मुलुंडची बस मिळते. कंडक्टरला कागदावर लिहून दाखवीन.

प्रेमा

*

मुलुंड (पूर्व)
४ मे २०२४

प्रेमा,

मी सांगतेय, मीरा लिहून घेतेय. माझ्या डाव्या हाताला अजून वळण नाही. तू आलीस, सही केलीस आणि काळोखाच्या आत घरी पोचायचं म्हणून लगेच निघालीस. तुझ्यासमोर खोलीत जे बोलणं झालं ते तुला ऐकू आलं नाही. ते तुझ्याबद्दल होतं, म्हणून तुला ते माहीत हवं.

तू आलीस तेव्हा मी दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. बावीस वर्षांच्या पोरीची वाट बघत होते मी, आणि आली एक पिकल्या केसांची बाई, हातात छत्री आणि बोंबलाची पिशवी. दारातच थांबलीस. मी डावा हात केला. तू आत आलीस, माझा उजवा हात उचललास आणि दाबत बसलीस. त्या हाताला काही कळत नाही, हे मी तुला सांगितलं नाही.

तो रजिस्ट्रेशनचा अधिकारी तसा कंटाळलेलाच आला होता. त्याने मीराला आणि वकीलबाईंना बाहेर पाठवलं आणि मला एकटीला विचारलं, घर कोणाला देताय, कुणाची जबरदस्ती आहे का. मी म्हटलं, मीराला. शब्द यायला वेळ लागला, पण त्याने मध्ये तोंड घातलं नाही. मग विचारलं, ती कोण लागते तुमची. मी म्हटलं, मुलगी. कागदात ‘मी वाढवलेली’ असं लिहिलंय, पण मी त्याला तेवढंच सांगितलं.

मग सगळे आत आले. मी अंगठा उठवला, तू चष्मा लावून माझ्या अंगठ्यावर नजर रोखून बसली होतीस, जणू तो पळून जाणार होता. डॉक्टरांनी सही केली. तुझी पाळी आली तेव्हा अधिकाऱ्याने तुझं आधार कार्ड बघितलं, आडनावं ताडून बघितली आणि विचारलं, नातं काय. वकीलबाई म्हणाल्या, या बाईंच्या नवऱ्याची बहीण. तो खुर्चीत सरळ झाला. तुला म्हणाला, बाई, हा कागद झाला नसता तर हे घर तुमचं झालं असतं, माहीत आहे का तुम्हाला?

तू त्याच्याकडे बघून हसलीस आणि विचारलंस, सही कुठे करू.

त्याला वाटलं, ही बाई अडाणी आहे, हिला फसवून आणलंय. तो पेन बंद करायला लागला. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मीराचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा वकीलबाईंनी त्याचा प्रश्न एका कागदावर लिहून तुझ्यासमोर धरला. तू वाचलास. आणि मग तू जे बोललीस ते तुला स्वतःला ऐकू आलं नसेल, कारण तू ते फार मोठ्याने बोललीस. शेजारच्या तीन घरांनी ऐकलं.

“माहीत आहे म्हणून तर आले.”

अधिकाऱ्याने पेन उघडून स्वतःच तुझ्या हातात दिलं. तुझा हात थरथरला नाही, मी बघत होते. जिना उतरताना तो मीराला म्हणाला, चौदा वर्षं या खात्यात आहे, असा साक्षीदार पहिल्यांदा बघितला.

दुसऱ्या दिवशी मिहिर आला. मागची सही तशीच राहू दे का विचारत होता. मीराने त्याला चहा पाजला आणि तो जुना स्टॅम्प पेपर त्याच्यासमोर फाडला.

मूळ कागद वकीलबाईंच्या तिजोरीत आहे, नक्कल मीराकडे, आणि कुठे काय आहे ते तीन माणसांना माहीत आहे. तिसरी तू. मृत्युपत्रात मी तुला काही देऊ शकले नाही. पण मी मेल्यावरच काही द्यायचं असं थोडंच आहे. या पाकिटात घराची किल्ली आहे. मीराने करून आणली. कधीही ये, कितीही दिवस राहा, कुणाला विचारू नकोस.

विमल

(मावशीने खाली स्वतः डाव्या हाताने सही केलीय. वाकडी आहे पण पूर्ण आहे. – मीरा)

*

गोराई-२, बोरिवली (पश्चिम)
१६ जून २०२४

विमल,

इतकी वर्षं वहिनी म्हटलं, आता तू नुसतं विमल असं लिहिलंस तर मीही तसंच लिहिते.

नितेशला मी स्वतःच सांगितलं. बिल्डरच्या माणसांकडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं म्हणून. जेवण झाल्यावर समोर बसवलं आणि म्हटलं, मुलुंडच्या घराचं मृत्युपत्र रजिस्टर झालं, साक्षीदार क्रमांक दोन मी आहे. तो उठला, खोलीभर फिरत हातवारे करत राहिला, शिरा ताणून बोलत राहिला. मला एक शब्द ऐकू आला नाही. माझ्या बहिरेपणाचा एवढा उपयोग आयुष्यात कधी झाला नव्हता. दहा मिनिटांनी त्याच्याच लक्षात आलं. मग त्याने वहीवर लिहिलं, आत्या, आता तू कुठे राहणार ते बघ.

मी किल्ली काढून वहीवर ठेवली.

तेवढ्यात मानसी आतून आली. तिने त्याच्या हातून पेन घेतलं आणि त्याच्याच ओळीखाली लिहिलं, ‘घर दोघांच्या नावावर आहे, हप्ता मी भरते. आत्या इथेच राहतील.’ त्याच्याकडे न बघता लिहिलं. तो आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी बाजारातून येताना माझ्यासाठी जांभळं घेऊन आला. तेवढाच आहे गो तो. लोभी आहे, वाईट नाही. वकील मात्र पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मानसी माझ्याजवळ येऊन बसली आणि लिहून विचारलं, आत्या, माझ्या आईचं घर भावाच्या नावावर करायला तो तिच्याकडून सह्या मागतोय, तिने काय करावं. मी ती चार पानं काढली. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत बसलो होतो. भात करपला, पण कुणी काही बोललं नाही.

केंद्रातही कळलंय. आता दर गुरुवारी मी फळ्यावर लिहिते आणि म्हातारी मंडळी वहीत उतरवून घेतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे पहिल्या दिवशी लिहिलं तेव्हा चौघांनी चष्मे पुसून पुन्हा वाचलं. एका काकांनी तीन मृत्युपत्रं करून ठेवलीत आणि एकावरही तारीख नाही, कुठलं शेवटचं ते त्यांनाच आठवत नाही. पुढच्या गुरुवारी अनुपमाबाई येणार आहेत, मी पत्र लिहून बोलावलंय. येताना त्या तुझी खबर आणतील. तू काठी घेऊन गॅलरीपर्यंत चालतेस हे मीराने कळवलंय. फुशारकी मारू नकोस, काठी सोडू नकोस.

आता खरी बातमी. काल मी माझं मृत्युपत्र केलं.

माझ्याकडे आहे काय? पोस्टाचं एक पुस्तक, आईने लग्नात दिलेल्या दोन पाटल्या, शिलाई मशीन. तरी अनुपमाबाईंनी कळवलं होतं की मी काही न करता गेले तर हेसुद्धा कायद्याने त्या नवऱ्याच्या माणसांकडे जाईल, ज्याने मला तीन वर्षांत पेटी देऊन पाठवलं. ते वाचून मला हसूच आलं. मग केंद्रातल्या मोठ्या टेबलावर कागद घेऊन बसले. पाटल्या आणि पुस्तक मानसीला. मशीन मीराला, तिला शिवता येत नसेल तर शिकायला सांग. दोन साक्षीदार समोर बसवले, डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, तारीख घातली.

पण हे सगळं नंतर. आधी पहिली ओळ लिहायची होती. ती कशी सुरू करायची ते वकिलाच्या पानात दिलेलंच आहे. मी लिहिलं, ‘मी, प्रेमा’, आणि पेन थांबलं. शाळेच्या दाखल्यावर बाबांचं नाव होतं, लग्नाच्या पत्रिकेवर त्याचं, रेशन कार्डावर धाकूदादाचं आणि नंतर नितेशचं. त्रेसष्ट वर्षांत एकाही कागदावर माझं वाक्य ‘मी’ने सुरू झालेलं नव्हतं. साक्षीदारांना वाटलं, मला बरं वाटत नाहीये. एकाने पाणी आणलं. मी मान हलवली, पाण्याचा पेला बाजूला सरकवला आणि पुढचं लिहिलं.

‘मी, प्रेमा, राहणार बोरिवली, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते की,’

विमल, ती ओळ मी तिथेच बसून तीनदा मोठ्याने वाचली. केंद्रातले सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणजे आवाज चांगलाच लागला असणार.

प्रेमा